दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशोब मुळापासून

लंडनच्या हीथ्रोहून सकाळी अकराला विमान सुटते आणि न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर दुपारी दोनला पोहोचते. घड्याळ म्हणते तीन तास. तिकिटावर लिहिलेले असते आठ तास. विमान प्रत्यक्ष हवेत असते साधारण सव्वासात तास. आणि लंडनमधल्या घराचे दार ओढल्यापासून न्यूयॉर्कमधल्या मुक्कामी बॅग टेकवेपर्यंत बारा-तेरा तास सहज जातात. चारही आकडे खरे आहेत. गोंधळ होतो तो एका आकड्याची गरज असताना दुसरा उचलल्यामुळे.

अंतराचेही तसेच आहे. याच दोन विमानतळांमधले अंतर कुठे ५,५४० दिसते, कुठे ५,५५५, कुठे ३,४४३, तर कुठे २,९९२. शिवाय विमान त्या दिवशी ५,७०० किलोमीटरही उडालेले असू शकते. म्हणून हिशोबाला बसण्याआधी ठरवा की तुम्हाला नेमके काय हवे आहे. उत्सर्जन काढायचे असेल किंवा भरपाईचा दावा करायचा असेल तर सरळ अंतर लागते. जोडविमान पकडायचे असेल तर तिकिटावरचा वेळ लागतो. विमानतळावर कोणाला घ्यायला जायचे असेल तर स्थानिक घड्याळ. खाली हीथ्रो-जेएफके हेच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे, म्हणजे प्रत्येक पायरीवर आकडा कसा बदलत जातो ते दिसेल.

आधी विमानतळ पक्का करा

हिशोब शहरापासून सुरू केला तर तो पहिल्याच पायरीवर घसरतो. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. टोकियोच्या हानेडा आणि नारिता यांच्यातच साठेक किलोमीटर अंतर आहे. काही संकेतस्थळे शहराच्या मध्यापासून अंतर मोजतात, काही विमानतळापासून, आणि बहुतेक वेळा ते सांगतही नाहीत.

यावर उपाय म्हणजे विमानतळाचा कोड. तिकिटावर असतो तो तीन अक्षरी कोड आयाटाचा (विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना), वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण वापरतात तो चार अक्षरी कोड आयकाओचा (संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना). तीन अक्षरी कोडमध्ये एक फसवी गोष्ट आहे. काही कोड विमानतळाचे नसून अख्ख्या शहराचे असतात. ‘एलओएन’ म्हणजे लंडनचे सगळे विमानतळ, ‘एनवायसी’ म्हणजे न्यूयॉर्कचे सगळे. अंतरासाठी असा कोड चालत नाही. नावांचे साधर्म्य त्याहून महागात पडते. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसेच कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही सॅन होजेच. कोडशेजारी देशाचे नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विमानतळ पक्का झाला की त्याचे अक्षांश-रेखांश घ्या. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो आणि त्या त्या देशाच्या वैमानिक माहिती पुस्तिकेत तो छापलेला असतो. अंश, मिनिटे, सेकंद अशा स्वरूपात आकडा मिळाला तर त्याचे दशांशात रूपांतर करा, आणि इथे जपून. ५१ अंश २८ मिनिटे म्हणजे ५१.२८ नव्हे. २८ ला ६० ने भागायचे, म्हणजे ५१.४६७. ही एक चूक विमानतळाला वीस किलोमीटर दक्षिणेला सरकवते. दुसरी चूक चिन्हाची. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. दोन्ही विमानतळ पश्चिमेला असतील आणि एकाचेच उणे चिन्ह राहिले, तर उत्तर हजारो किलोमीटरने चुकू शकते.

आपल्या उदाहरणात हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

सरळ अंतर

पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या रेषेवर बसतो ती सर्वांत जवळची वाट. तिला ग्रेट सर्कल किंवा बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेषा धनुष्यासारखी वाकलेली दिसते. लंडन-न्यूयॉर्क विमान न्यूफाउंडलंडच्या बाजूने, टोकियो-लॉस एंजेलिस विमान उत्तर पॅसिफिकवरून वळसा घालून जाते असे वाटते ते त्यामुळेच. वळसा नकाशाचा आहे, विमानाचा नाही.

फरक किती पडतो? ६० अंश उत्तर अक्षांशावरची दोन ठिकाणे घ्या, रेखांशात ९० अंशांचा फरक असलेली. अक्षांशाच्या रेषेवरून पूर्वेकडे नाकासमोर गेलात तर सुमारे ५,००४ किलोमीटर होतात. बृहद्वृत्तावरून सुमारे ४,६०५. म्हणजे चारशे किलोमीटर वाचतात, जेट विमानाचा जवळजवळ अर्धा तास. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम जाताना हा फरक शून्य असतो. ध्रुवांकडे सरकावे तसा तो वाढतो.

गणित करायला हॅव्हरसाइन सूत्र सर्वांत भरवशाचे. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा आणि असे चला.

अक्षांशांतला फरक काढा: ५१.४७ वजा ४०.६४ म्हणजे १०.८३ अंश. त्याचा निम्मा ५.४१५. त्याच्या साइनचा वर्ग ०.००८९१.

रेखांशांतला फरक: ७३.७८ वजा ०.४५ म्हणजे ७३.३३ अंश. निम्मा ३६.६६५. त्याच्या साइनचा वर्ग ०.३५६५७.

दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार: ०.६२२९२ गुणिले ०.७५८८२ म्हणजे ०.४७२६९. याला वरच्या ०.३५६५७ ने गुणा, ०.१६८५५ मिळतात. त्यात पहिला ०.००८९१ मिळवा: ०.१७७४६.

याचे वर्गमूळ घ्या, त्याचा व्यस्त साइन काढा आणि दुप्पट करा. साधारण ४९.८३ अंश येतात. पृथ्वीच्या केंद्राशी या दोन विमानतळांमध्ये होणारा हा कोन. ६,३७१ किलोमीटर ही सरासरी त्रिज्या धरली तर एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर. गुणाकार केला की सुमारे ५,५४० किलोमीटर.

अंशांना सरळ ६० ने गुणले तर सागरी मैल मिळतात, सुमारे २,९९०. हा योगायोग नाही. सागरी मैलाची कल्पनाच अक्षांशाच्या एका मिनिटावरून आली. आज तो नेमका १,८५२ मीटर धरतात. जमिनीवरचा मैल १,६०९.३४४ मीटर. दोन्ही मैलांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे, आणि ‘मैल’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा बहुतेक घोटाळे इथेच होतात. विमानकंपन्यांच्या प्रवासी योजनांतले मैल सहसा जमिनीवरचे असतात, तर वैमानिकांच्या कागदांवरचे नेहमी सागरी.

स्प्रेडशीटमध्ये हेच करताना तीन ठिकाणी अडखळायला होते. पहिले म्हणजे तिथली साइन-कोसाइनची फलने अंश नव्हे, रेडियन घेतात. रूपांतर विसरलात तर उत्तर येते, चूक दाखवली जात नाही, आणि ते पूर्ण निरर्थक असते. दुसरे, कोसाइनचे छोटे सूत्र वापरले तर अगदी जवळच्या किंवा एकाच बिंदूसाठी पूर्णांकनामुळे आकडा एकापेक्षा कणभर मोठा होऊन त्रुटी येऊ शकते. हॅव्हरसाइन तिथे टिकते. तिसरे, एक्सेलमधल्या ‘एटॅन२’ फलनात आडवा घटक आधी आणि उभा नंतर द्यायचा असतो, बहुतेक संगणकभाषांच्या उलट. दुसरीकडून उतरवलेले सूत्र तिथे जसेच्या तसे चालत नाही.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडणाऱ्या मार्गाचे काय? नारिता १४०.३९ पूर्व, लॉस एंजेलिस ११८.४१ पश्चिम. वजाबाकी २५८.८ येते. नकाशावर रेषा काढायची असेल तर ती ३६० मधून वजा करून १०१.२ धरा. हॅव्हरसाइनला मात्र दोन्ही सारखेच, उत्तर बदलत नाही.

आता ५,५४० आणि ५,५५५ यांतला पंधरा किलोमीटरचा फरक. पृथ्वी नेमका गोल नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५६.८. जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस ८४ आराखड्यावर चालते तो हा चपटेपणा धरतो. गोल धरून केलेल्या हिशोबात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक येते. प्रवासाच्या वेळेसाठी ती सोडून द्या. जिथे सीमारेषा महत्त्वाची तिथे सोडू नका. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात उशीर किंवा रद्द विमानाच्या भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरवर बदलतात, आणि अंतर बृहद्वृत्ताने मोजतात. १,४९७ आणि १,५०३ यांत तिथे खरा पैसा आहे. जोडविमानाचा प्रवास असेल तर पहिल्या आणि शेवटच्या विमानतळातले सरळ अंतर धरायचे, मधल्या टप्प्यांची बेरीज नाही, असे युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

एक कायमची चाळणी हाताशी ठेवा. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांत सरळ अंतर सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही. त्यापुढे आकडा गेला तर सूत्र, चिन्ह किंवा एकक यांपैकी काहीतरी हुकले आहे.

प्रत्यक्ष उडालेले अंतर

विमान दोऱ्यावरून जात नाही. धावपट्टी वाऱ्याच्या दिशेनुसार वापरतात, त्यामुळे पश्चिमेला जाणारे विमान पूर्वेकडे तोंड करून उडू शकते आणि मग वळते. निघताना आणि उतरताना ठरलेल्या वाटा असतात. मध्ये हवाई मार्गांचे टप्पे, लष्करी क्षेत्रे, वादळाचे ढग. गर्दीच्या विमानतळाबाहेर घिरट्याही घालाव्या लागतात.

किती जादा धरायचे? आयकाओच्या कार्बन गणकातली पद्धत चांगली आहे: सरळ अंतर ५५० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ५० मिळवा, ५५० ते ५,५०० मध्ये १००, त्यापुढे १२५. युरोपच्या उत्सर्जन व्यवहार योजनेत सरसकट ९५ किलोमीटर मिळवतात. उत्सर्जनाच्या हिशोबाला एवढे पुरते. वेळेचा अंदाज करताना लांबच्या मार्गाला तीन-चार टक्के धरणे आम्हाला जास्त पटते, कारण लांबच्या मार्गावर वाऱ्यासाठी मुद्दाम बाजूला जाणे हे नेहमीचे असते. हीथ्रो-जेएफकेसाठी ५,७०० किलोमीटर धरू.

काही मार्गांना मात्र हे टक्के लागूच होत नाहीत, आणि तिथे सूत्रावर चालणारी सगळी संकेतस्थळे सपशेल चुकतात. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोपीय विमानकंपन्यांना बंद झाले. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेव्हापासून तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ जागेवरच आहेत, सरळ अंतर एका मीटरने बदललेले नाही. म्हणून लांबच्या मार्गावर आधी बघा की सरळ रेषा कोणत्या बंद आकाशातून जाते का.

दुसरे कारण समुद्राचे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर ठराविक वेळेत उतरता येईल असा विमानतळ जवळ लागतो. मूळ मर्यादा ६० मिनिटांची, खास परवानगीने १२०, १८० आणि त्याहून जास्त. विरळ वस्तीच्या महासागरावर त्यामुळे रेषा वाकते. उंच डोंगररांगांवरही असेच: हवेचा दाब गेला तर विमानाला ऑक्सिजन संपायच्या आत खाली यावे लागते, आणि खाली शिखरे असतील तर येता येत नाही. तिबेटच्या पठारावर विमानांची वर्दळ कमी असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

उत्तर अटलांटिकची गोष्ट निराळी. तिथे वाऱ्याचा अंदाज बघून समांतर मार्गांचा संच रोज दोनदा नव्याने आखतात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. कालचा मार्ग आज नसतो.

वेग: कोणता धरायचा

जेट विमानाचा वेग मॅकमध्ये मोजतात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या तुलनेत. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सियस असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ मॅक ०.७८ च्या आसपास चालतात, म्हणजे ताशी ८३० किलोमीटर. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मॅक ०.८५, म्हणजे ताशी ९००. एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान ताशी ५०० च्या आसपास.

थंड हवेत आवाज हळू जातो, म्हणून तोच मॅक कमी वेग देतो. उणे ७० अंशांत मॅक ०.८५ म्हणजे ताशी ८७५ च, उणे ४५ अंशांत ९२५. आठ तासांच्या उड्डाणात हा फरक पंचवीस मिनिटांचा होतो. अंदाजासाठी मधला आकडा धरा.

चढणे आणि उतरणे यांचा हिशोब सर्वांत जास्त चुकवला जातो. चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, पण तेवढ्यात विमान दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर पुढेही गेलेले असते. उतरताना तेच. त्यामुळे ती चाळीस-पन्नास मिनिटे पूर्ण वाया जात नाहीत. पूर्ण उंचीवरच्या वेगापेक्षा जेवढे हळू गेलो तेवढेच नुकसान. मांडून बघा: २२ मिनिटांत २३० किलोमीटर चढत गेलेले विमान पूर्ण वेगात ते अंतर साडेसोळा मिनिटांत कापते. नुकसान साडेपाच मिनिटे. उतरताना १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणावा लागतो आणि शेवटचा पल्ला १४० नॉटच्या आसपास, म्हणून तिथे नऊ-दहा मिनिटे जातात. दोन्ही मिळून पंधरा मिनिटे.

‘अंतर भागिले ताशी ८०० अधिक अर्धा तास’ असे सूत्र सर्रास दिसते. त्यातला अर्धा तास चढ-उताराचा म्हणून सांगतात, पण त्यातला निम्माच चढ-उताराचा आहे. बाकीचा जमिनीवरचा. हे वेगळे काढले नाही तर गर्दीच्या विमानतळाचा अंदाज हमखास कमी येतो.

वारा

विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो आणि हवा स्वतः चाललेली असते. मध्यम अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो जास्त जोमदार असतो आणि त्याच्या गाभ्यात ताशी ३०० किलोमीटरही ओलांडतो.

पूर्वेकडे जाताना कमी आणि पश्चिमेकडे जाताना जास्त वेळ लागतो तो या वाऱ्यामुळे. पृथ्वी खालून फिरते म्हणून, हे कारण अनेक ठिकाणी छापलेले दिसते आणि ते चूक आहे. हवाही पृथ्वीबरोबर फिरते. खाली जमीन सरकून विमानाला अंतर कमी पडत असते, तर विषुववृत्तावर पश्चिमेकडे कोणतेही विमान जवळजवळ तिप्पट वेगाने पोहोचले असते.

आपल्या उदाहरणात पश्चिमेकडे जाताना सरासरी ९० किलोमीटरचा समोरचा वारा धरू. ९०० वजा ९० म्हणजे ताशी ८१०. ५,७०० भागिले ८१० म्हणजे सात तास दोन मिनिटे. चढ-उताराची पंधरा मिनिटे मिळवून सात तास सतरा मिनिटे हवेत. उलट दिशेला तोच वारा पाठीमागून: ५,७०० भागिले ९९० म्हणजे पाच तास पंचेचाळीस, अधिक पंधरा, सहा तास. ९ फेब्रुवारी २०२० ला वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी ते आवाजापेक्षा वेगाने उडत नव्हते, कारण भोवतालची हवाच पळत होती.

जाता-येताची सरासरी काढून ‘वारा शून्य’ धरणे ही सोय आहे, हिशोब नव्हे. ४,५०० किलोमीटर ताशी ९०० ने जाऊन-येऊन दहा तास होतात. १०० किलोमीटरचा वारा असेल तर जाताना ५ तास ३७ मिनिटे, येताना साडेचार तास, बेरीज १० तास ७ मिनिटे. समोरचा वारा जास्त वेळ टिकतो, म्हणून जेवढे घेतो तेवढे पाठचा वारा परत देत नाही. आडवा वाराही फुकट नसतो. ताशी १५० च्या आडव्या वाऱ्यात विमानाला नाक तिरके ठेवावे लागते आणि ९०० चा वेग ८८७ वर येतो.

हवेतल्या वेळेपासून तिकिटावरच्या वेळेपर्यंत

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे चाके धावपट्टी सोडतात ती वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते ती. पोहोचण्याची वेळ म्हणजे विमान ठरल्या जागी येऊन उभे राहते ती. या दोन क्षणांमधल्या वेळाला ब्लॉक टाइम म्हणतात.

धावपट्टीपर्यंत जायला छोट्या विमानतळावर पाच-सात मिनिटे, मोठ्या आणि गजबजलेल्या ठिकाणी वीस-तीस. उतरल्यावर पाच ते पंधरा. हीथ्रोला वीस आणि जेएफकेला दहा धरले तर ७ तास १७ मिनिटांचे ७ तास ४७ मिनिटे होतात. वेळापत्रकात साधारण आठ तास असतात. उरलेली मिनिटे राखीव, रांगेसाठी आणि वाईट वाऱ्याच्या दिवसासाठी. परतीचा हिशोब साडेसहा तासांचा येतो, छापील वेळ सातच्या आसपास असते. म्हणून विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचते.

लहान मार्गावर हे सगळे फार मोठे दिसते. सरळ अंतर ६०० किलोमीटर. ताशी ९०० ने सरळ भागाकार केला तर चाळीस मिनिटे. आता नीट करू: ६०० अधिक १०० म्हणजे ७००, एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण उंचीवर फार वेळ राहत नाही, म्हणून वेग ८००, ५२ मिनिटे, चढ-उतार १५, जमिनीवर २५. एक तास बत्तीस मिनिटे, म्हणजे दुपटीहून जास्त. एटीआरने तोच प्रवास पावणेदोन तासांच्या पुढे जातो. उलट टोकाला सिंगापूर-न्यूयॉर्क हे १५,३०० किलोमीटरपेक्षा लांबचे थेट उड्डाण आहे, वेळापत्रकात अठरा तासांहून जास्त. तिथे जमिनीवरची तीस मिनिटे कुठल्या कुठे हरवतात आणि वारा सगळे ठरवतो.

‘नॉन-स्टॉप’ आणि ‘डायरेक्ट’ यांत गल्लत करू नका. डायरेक्ट विमानाचा क्रमांक एकच असतो, पण ते मध्ये उतरू शकते. प्रत्येक थांब्याला उतरणे, जमिनीवरचा मुक्काम आणि पुन्हा चढणे असे पूर्ण गणित नव्याने लागते.

घड्याळाचा हिशोब

विमानाच्या वेळा नेहमी त्या त्या विमानतळाच्या स्थानिक वेळेत छापतात. त्यांची थेट वजाबाकी कधीही करू नका. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगासाठी एकच असलेल्या संदर्भवेळेत आणा, मग वजा करा.

टोकियोहून जुलैत संध्याकाळी पाचला विमान सुटते. जपान यूटीसीच्या नऊ तास पुढे, म्हणून यूटीसी सकाळचे ०८:००. लॉस एंजेलिसला ते त्याच तारखेला सकाळी अकराला पोहोचते. उन्हाळ्यात लॉस एंजेलिस सात तास मागे, म्हणून यूटीसी १८:००. प्रवास दहा तास. कागदावर मात्र विमान सुटायच्या सहा तास आधी पोहोचलेले दिसते. वेळेशेजारचे ‘+१’ चिन्ह दुसऱ्या दिवशी पोहोचणार असे सांगते. ते न बघता हॉटेल आरक्षित केले तर एक रात्र वाया जाते.

सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. भारत ५:३० पुढे, नेपाळ ५:४५. उन्हाळी वेळ तर हिशोबाला दोनदा पाडते. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, युरोपात शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर पुन्हा तेच. दक्षिण गोलार्धात ज्या भागांत घड्याळ बदलतात तिथे ते उलट्या ऋतूत बदलतात. म्हणून आजचा फरक बघून तीन महिन्यांनंतरच्या प्रवासाचा हिशोब करू नका, प्रवासाच्या तारखेचा फरक बघा.

दारापासून दारापर्यंत, आणि जोडविमान

आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते आणि गेट सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी. मागच्या रांगेतल्या प्रवाशाला उतरायला वीस मिनिटे, इमिग्रेशन, मग सामान. मोठ्या विमानतळावर उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तास-दीड तास धरावा.

जोडविमानासाठी हातात असलेला वेळ म्हणजे पहिल्याच्या पोहोचण्यापासून दुसऱ्याच्या सुटण्यापर्यंतचा नाही. दुसऱ्याच्या गेट बंद होण्यापर्यंतचा. सव्वा तासाच्या अंतरातून गेटची वीस आणि उतरण्याची पंधरा मिनिटे गेली की चाळीसच उरतात, त्यात टर्मिनल बदलणे आणि सुरक्षा तपासणी. प्रत्येक विमानतळाचा किमान जोडवेळ ठरलेला असतो आणि एकाच तिकिटावर त्याहून कमी वेळाची जोडणी विकली जात नाही. दोन वेगळी तिकिटे काढली तर ही चाळणी नसते, पहिले विमान चुकले म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, आणि सामान बाहेर काढून पुन्हा द्यावे लागते. तिथे चार तासांपेक्षा कमी ठेवू नका.

पडताळणी

अंदाज काढून झाला की प्रत्यक्षाशी ताडून बघा. फ्लाइटरडार २४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या ठिकाणी त्याच उड्डाणक्रमांकाचे मागचे काही दिवस दिसतात. एका दिवसावर जाऊ नका. आठ-दहा दिवसांच्या उड्डाणवेळा लिहा आणि मधली वेळ घ्या, सरासरी नको. एखादा वादळाचा दिवस सरासरी बिघडवतो, मधल्या वेळेला धक्का लागत नाही. तिथे दिसणारी वेळ हवेतली आहे की ब्लॉक, तेही आधी तपासा.

तुमचा आकडा दहा-पंधरा मिनिटांनी वेगळा आला तर तो वारा. तासभर वेगळा आला तर नकाशावर मार्ग उघडा: बहुधा बंद आकाश, मोठा वळसा किंवा मधला थांबा दिसेल. नेमका एक तासाचा फरक आणि मार्ग सरळ असेल तर उन्हाळी वेळ तपासा. फरक पंधरा टक्क्यांचा असेल तर मैलांचे एकक.

महिनाही लक्षात ठेवा. जानेवारीत ताडलेली पश्चिमेकडची वेळ जुलैत जास्त वाटेल, कारण तोवर वारा मंदावलेला असतो. प्रवास ज्या महिन्यात आहे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातले वेळापत्रक मिळाले तर त्यातला ब्लॉक टाइम घ्या.